आधी केस, मग गाणं

गेले चौदा महिने आमच्या घरात मिक्सर लावायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते. परवानगी देणारा अधिकारी आतल्या खोलीत लोखंडी कपाटाचं दार उघडून, आत डोकं खुपसून आणि पाठीवर रजई पांघरून उभा असतो. हे आमचे चिरंजीव. त्यांच्या पहिल्या अल्बमचं काम चालू आहे. कपाटातले कपडे आवाज शोषून घेतात, म्हणून गाणाऱ्याने कपाटात गायचं असतं, ही माहिती मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मिळाली. अडचण एवढीच की माझे इस्त्रीचे शर्टही त्याच कपाटात टांगलेले असतात. सकाळी साडेआठला तिकडे अंतरा रंगात आला असेल, तर इकडे मी बनियनवर, घड्याळाकडे बघत, सम कधी येते याची वाट पाहत उभा.

“आई, मिक्सर बंद कर! इथं मिक्सिंग चाललंय!”

“इथंही तेच चाललंय,” स्वयंपाकघरातून उत्तर येतं. “तुझ्यात खोबरं नाही, एवढाच फरक.”

मिक्सर निदान बंद करता येतो. कुकरला कोण सांगणार? पहिल्या गाण्याच्या शेवटच्या, अगदी हळुवार ओळीवर तीन शिट्ट्या आहेत. दुसऱ्या गाण्यात भंगारवाल्याचा भोंगा आहे. तिसऱ्यात एसीच्या डब्यावर संसार थाटलेली पारव्यांची जोडी आहे. चौथ्यात मी आहे. म्हणजे माझी शिंक आहे. ती काढून टाकायला त्याला दोन रात्री लागल्या आणि आता तो म्हणतो, शिंक गेली, पण शिंकेच्या आधी घेतलेला श्वास राहिलाय.

मध्यंतरी, एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला जाऊन आल्यावर, मी बापाचा अधिकार वापरला.

“अरे, चौदा महिने? लोकांनी बारा दिवसांत अल्बम केलाय. बारा!”

“कुणी?”

“पॉयझनने!”

“कुणाला झालं पॉयझन?” ही हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. “तरी मी म्हणत होते, कालचा ढोकळा टाकून द्या.”

मग मला दोघांनाही बसवून सगळी कथा सांगावी लागली. खरं म्हणजे मला तेच हवं होतं. आमच्या पिढीच्या माणसाला तरुणपणचं संगीत समजावून सांगायची संधी मिळाली, की त्याला जेवणाची आठवण राहत नाही. ऐकणाऱ्याला राहते.

१९८८ साली माझ्या एका मित्राच्या मामाने अमेरिकेहून येताना दोन वस्तू आणल्या. बदाम आणि पॉयझन नावाच्या बँडची एक कॅसेट. बदाम मित्राच्या आईने कुलपात ठेवले, म्हणून कॅसेट आमच्या वाट्याला आली. तिच्यावर चार चौकटी आणि चार चौकटींत चार चेहरे. बीटल्सच्या ‘लेट इट बी’वर असतात तशीच मांडणी. पण बीटल्सचे चेहरे कसे, रात्री झोप न झालेल्या कारकुनांसारखे आहेत. इथे गालांवर लाली, पापण्यांवर रंग, ओठांचा चंबू, आणि केस तर असे की भुईनळा पेटून पूर्ण उंचीला पोचला आणि तिथेच कुणीतरी त्याला ‘स्टॅच्यू’ म्हणालं. आमच्यातल्या एकाने त्यातल्या एकीवर तत्काळ हक्क सांगितला. बाकीच्यांनी तो मैत्रीखातर मान्य केला. दोन दिवसांनी कळलं की ती ड्रम वाजवते. तिसऱ्या दिवशी कळलं की तिचं नाव रिकी आहे. चौथ्या दिवशी तो मित्र कॉलेजला आला नाही.

मी ते कव्हर आजीला दाखवलं. तिला धक्का द्यावा, असा शुद्ध हेतू होता.

“पोरी गोऱ्यापान आहेत,” आजी चष्मा लावून म्हणाली. “पण नाकात काही नाही.”

“आजी, हे पुरुष आहेत!”

आजीने लहानपणी बालगंधर्व पाहिलेले होते. तिला असल्या गोष्टींनी धक्का बसत नसे. “मग? आमचे नारायणराव नव्हते? पण नारायणराव शालू नेसून उभे राहिले, की चांगल्या घरच्या बायका नेसणं शिकून घ्यायच्या. यांच्याकडून काय शिकायचं? झिंज्या कशा सोडायच्या ते?” मग थोडा विचार करून तिने विचारलं, “कर्ज किती आहे यांच्यावर?” नटण्याचा आणि कर्जाचा संबंध गंधर्व नाटक मंडळीच्या प्रेक्षकांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

अल्बमचं नाव होतं ‘लुक व्हॉट द कॅट ड्रॅग्ड इन’. याचा अर्थ, बघा, मांजरीने काय ओढून आणलंय! रात्रभर उंडारून अस्ताव्यस्त अवस्थेत घरी उगवलेल्या माणसाला तिकडे असं म्हणतात. मी आजीला मराठीत सांगितलं.

“उंदीर,” आजी म्हणाली. “मांजर दुसरं काय आणणार?”

तर यातले तीन उंदीर पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मेकॅनिक्सबर्गचे. गावाचं नावच असं की तिथे गॅरेज काढावं. यांनी बँड काढला. तेव्हा त्याचं नाव पॅरिस होतं. मेकॅनिक्सबर्गमध्ये राहून स्वतःला पॅरिस म्हणवून घ्यायला धाडस लागतं, पण त्यात आपण हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे डोंबिवलीच्या सोसायटीचं नाव ‘स्विस व्हॅली’ असतं. १९८४ साली ही मंडळी एका जुन्या अँब्युलन्समध्ये सामान भरून चार हजार किलोमीटरांपलीकडच्या लॉस एंजेलिसला निघाली. गाण्याची आवड असलेला मुलगा घर सोडून निघाला, की आईबापांना अँब्युलन्सची गरज लागते. इथे पोरांनी तीही नेली.

लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप नावाच्या रस्त्यावर तेव्हा रॉक्सी, गझारीज असे क्लब होते आणि त्या प्रत्येकाच्या दारात, नुकताच विजेचा झटका बसल्यासारख्या केसांची हजारभर पोरं उभी होती. सगळ्यांना स्टार व्हायचं होतं. क्लबवाले हुशार. त्यांनी नियम काढला, की बँडने आपल्या कार्यक्रमाची तिकिटं आधी स्वतः विकत घ्यायची आणि मग फुटपाथवर उभं राहून खपवायची. म्हणजे नवरदेवानेच मांडव घालायचा, आचारी बोलवायचा आणि वऱ्हाडही भाड्याने आणायचं. पॉयझनची पोरं दिवसभर खांबाखांबावर आपल्या जाहिरातींचे कागद डकवत हिंडायची. आपल्याकडे निवडणुकीतले कार्यकर्ते हेच करतात. ते लाली लावत नाहीत एवढंच.

या रस्त्यावर त्यांच्या आधी मॉटली क्रू मोठे झाले होते. त्यांनी १९८१ साली आपला पहिला अल्बम स्वतःच्याच कंपनीतर्फे काढला. सुरुवातीच्या प्रती होत्या ९००. नावातल्या दोन अक्षरांवर त्यांनी जर्मन पद्धतीची टिंबांची एकेक जोडी दिली, का, तर दिसायला भारदस्त वाटतं. ही टिंबं म्हणे एका जर्मन बीअरच्या बाटलीवरून उचललेली. त्यांचा उच्चार काय, हे बँडमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला शाळेत एक अनुस्वार चुकला तर पायाचे अंगठे धरायला लावत. यांनी चार टिंबं विनाकारण दिली आणि पुढच्याच वर्षी इलेक्ट्रासारख्या मोठ्या कंपनीने तो अल्बम नव्याने बाजारात आणला. शुद्धलेखनावरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला.

“पण केसांचं काय?” हिने मूळ मुद्द्याला हात घातला. “इतके उभे राहतात कसे?”

केस उलटे विंचरायचे आणि त्यावर स्प्रेचा मारा करायचा. एका कार्यक्रमाला डबाच्या डबा. ओझोनच्या थराला भोक या मंडळींनी पाडलं, असा विनोद त्या काळी सर्रास चालायचा. हा मात्र अन्याय आहे. स्प्रेच्या डब्यांतले ओझोनखाऊ वायू अमेरिकेने १९७८ सालीच बंद केले होते. त्यामुळे ओझोनचं खापर पॉयझनच्या केसांवर फोडता येत नाही. ते उभे होते, पण निर्दोष उभे होते. शिवाय त्यांच्याकडे घरचा माणूस होता. ड्रमर रिकी रॉकेटने केशरचनेचं रीतसर काम केलेलं होतं. इतर बँडमध्ये ड्रमर चुकला तर ताल जातो. इथे चुकला तर भांगही गेला असता.

आता सगळं जमत आलं, तोच त्यांचा पहिला गिटारवाला, मॅट स्मिथ, गावी परतला. त्याच्या घरी पाळणा हलणार होता. रॉकच्या इतिहासात दारू, भांडणं, अपघात यांनी बँड सोडलेले लोक पुष्कळ आहेत. डोहाळजेवणासाठी परत गेलेला हा एवढाच मला माहीत आहे. हिला तो सगळ्यांत जास्त आवडला.

नव्या गिटारवाल्यासाठी मुलाखती झाल्या. एक उमेदवार होता स्लॅश. वाजवायचा उत्तम. पण त्याने आत्मचरित्रात लिहिलंय, की वाजवून झाल्यावर प्रश्न आला तो त्याच्या पायातल्या साध्या बुटांवर. स्टेजवरही हेच घालणार का? मुलगी पसंत आहे, गाणंही ऐकलं, पण पायांचं काय, असा हा प्रकार. बाहेर पडताना त्याला पुढचा उमेदवार आत जाताना दिसला. झगमगीत कपडे, रंगवलेले केस. स्लॅशने तिथेच ओळखलं, की आपलं काही खरं नाही.

तो पुढचा उमेदवार म्हणजे सी. सी. डेव्हिल, ब्रुकलिनचा. त्याला बँडने आपली गाणी बसवून यायला सांगितली होती. त्याने ती बसवली नाहीत. आला तो स्वतःच्याच धुना वाजवू लागला. बरीच हुज्जत झाली. आपल्याकडे पेटीवाल्याने असं केलं असतं तर त्याला पेटीसकट जिन्यापर्यंत पोचवलं असतं. त्यांनी त्याला घेतलं. त्याने त्या दिवशी वाजवलेल्या धुनेतूनच ‘टॉक डर्टी टू मी’ हे त्यांचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं झालं. मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देता आपल्याला येतं तेच सांगत राहावं, हे तंत्र मी पुढे बँकेच्या परीक्षेत वापरून पाहिलं. मला घेतलं नाही. माझे बूट चुकले असावेत.

आणि स्लॅश? तो गन्स एन’ रोझेसमध्ये गेला. त्यांचा पहिला अल्बम १९८७ साली आला आणि जगभर कोट्यवधींनी खपला. बूट तेच होते की नाही, कल्पना नाही.

“बाबा, त्याच बँडचा पुढचा एक अल्बम माहितीये?” चिरंजीव एकदम जागे झाले. “स्लॅश सोडून गेला नि त्यांचा गायक बसला रेकॉर्ड करत. नव्वदच्या दशकात सुरू केलेला अल्बम २००८ मध्ये आला. त्यांच्यापुढे माझे चौदा महिने म्हणजे काहीच नाहीत.”

मुलांना शिकवलं, की असं होतं. मी घाईघाईने त्याला १९८६ मध्ये परत आणलं.

एनिग्मा नावाच्या छोट्या कंपनीने पॉयझनला हात दिला. निर्माता रिक ब्राऊडी. खर्च सुमारे २३,००० डॉलर आणि वेळ बारा दिवस.

“बारा दिवस?” ही म्हणाली. “अल्बम केला की दिवस घातले?”

मी दुर्लक्ष केलं. २३,००० डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने तीन लाख रुपयांच्या आत. अमेरिकेच्या मानाने हा चहापाण्याचा खर्च. आमच्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना याहून जास्त पैसे आणि पाच महिने लागले, आणि त्यातला एक खण अजूनही गुडघा लावल्याशिवाय बंद होत नाही. इकडे बारा दिवसांत दहा गाणी. सगळी मिळून अर्ध्या तासाहून थोडी जास्त, म्हणजे साबुदाणा जेमतेम भिजायला लागेपर्यंत अल्बम संपतो. मिक्सिंगला मायकल वॅगनर नावाचा जर्मन बसला. मॉटली क्रूच्या त्या टिंबवाल्या पहिल्या अल्बमवरही त्याने काम केलेलं होतं. म्हणजे टिंबांचा उच्चार ठाऊक असलेला एक माणूस त्या रस्त्यावर होता. त्याला कुणी विचारलं नाही.

गायक ब्रेट मायकल्स पुढे मुलाखतींमधून मोकळेपणाने सांगायचा, की तो अल्बम म्हणजे सजवलेली कच्ची प्रतच होती. खोटं नाही. ऐकताना काही ठिकाणी चौघे एकाच गाण्यात आहेत की शेजारशेजारच्या, असा प्रश्न पडतो. पहिलं गाणं बाजारात आलं आणि गेलं, कुणाला पत्ता लागला नाही. मग १९८७ साली ‘टॉक डर्टी टू मी’ टीव्हीवर दिसायला लागलं आणि अल्बम अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे त्यावर तीस लाख प्रतींची, म्हणजे तिहेरी प्लॅटिनमची मोहोर उमटली. समीक्षकांनी नाकं मुरडली. चौघांनी ओठ मुरडले. फोटो ओठांचे छापून आले.

“कळलं?” मी विजयी मुद्रेने चिरंजीवांकडे पाहिलं. “बारा दिवस!”

“कसले बारा?” ही म्हणाली. “चौऱ्याऐंशीला आले ना ते? शहाऐंशीपर्यंत रोज रात्री कुठेकुठे वाजवतच होते की. दिवाळीचा फराळ मीसुद्धा चार दिवसांत करते. चकलीची भाजणी आधी भाजून-दळून आणलेली असते, ती तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला चकली दिसते.”

खोलीत शांतता पसरली. जवळजवळ चाळीस वर्षं मी या अल्बमबद्दल बोलतोय आणि इतकी साधी गोष्ट मला सुचलेली नव्हती. सगळ्या जगाने त्या पोरांचे केस पाहिले. दोन वर्षं रोज रात्री तीच दहा-बारा गाणी घोटणं कुणी पाहिलं नाही. अर्थात याला त्यांचे केसही जबाबदार आहेत. त्यांच्या मागचं काही दिसायचंच नाही.

“म्हणजे मला दोन वर्षं मिळतात!” चिरंजीव उठून उभे राहिले. “चौदा महिने झाले, अजून दहा शिल्लक आहेत. थँक्यू, आई!”

उपदेशाचा हा नेहमीचा अंत आहे. तो ज्याला करावा त्याच्या कामी येतो, पण भलत्याच बाजूने. जाता जाता त्याने वळून विचारलं, “बाबा, तुमचाही बँड होता ना? त्याचा अल्बम किती दिवसांत झाला?”

हा प्रश्न मी तीस-पस्तीस वर्षं टाळत आलो होतो.

आमचा बँड होता. म्हणजे चारजण होते. एकाकडे पाच तारांची गिटार होती. सहावी तार आणायला पैसे जमत होते. दुसऱ्याकडे तबला-डग्गा आणि झांजेऐवजी स्टीलचं ताट होतं. तिसरा व्यवस्थापक, कारण त्याच्या घरी फोन होता. मी गायक. मला आवाज नव्हता, पण केस होते. बँडला नाव मात्र नव्हतं. नाव मराठी असावं की इंग्रजी, यावर पहिलं वर्ष गेलं. इंग्रजी ठरल्यावर टिंबं द्यावीत की नाहीत, यावर दुसरं. तालमीला वेळ उरला नाही. आम्ही पॉयझनला हसायचो. नुसते नटवे, म्हणायचो. आमचं सगळं तत्त्वाला धरून होतं. त्यामुळे गाणं एकही बसलेलं नव्हतं.

तेवढ्यात वाड्याच्या गणपतीत विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम आला. आम्ही ‘टॉक डर्टी टू मी’ करायचं ठरवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, “भक्तिगीत आहे ना?”

“हो. इंग्रजी आहे.”

“अर्थ काय?”

“स्वच्छतेवर आहे.”

परवानगी मिळाली. राहिला प्रश्न केसांचा. स्प्रे आमच्या बजेटमध्ये नव्हता. आधी मी आईच्या साड्यांची खळ लावून पाहिली. ती वाळून कोंड्यासारखी गळायला लागली आणि आईने मला डॉक्टरांकडे न्यायची तयारी केली. मग व्यवस्थापकाने कुठूनसं ऐकून आणलं, की साखरेचा पाक लावला की केस दगडासारखे होतात. झालेही. आरशात पाहिलं तर साक्षात मेकॅनिक्सबर्ग. रात्री आठला मी वाड्याच्या चौकात, हॅलोजनच्या उजेडात, उभ्या केसांनी उभा राहिलो. समोर प्रेक्षक, बाजूला गणपती, गणपतीपुढे एकवीस मोदक. वाड्यातल्या तांबड्या मुंग्यांपुढे निवड करायची वेळ आली. त्यांनी मोदक सोडले.

दुसऱ्या ओळीला पहिली चावली. चौथ्या ओळीला पलटण पोचली. मी मान झटकायला लागलो. आधी तालात, मग तालाबाहेर. गिटारवाल्याला वाटलं मी रंगात आलोय, म्हणून त्याने वेग वाढवला. ताटवाल्याने ताट वाढवलं. प्रेक्षकांत मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी पदर सावरत, हात जोडत स्टेजपाशी आल्या. “अंगात आलंय पोराच्या!” असं म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला मूठभर हळदकुंकू फासलं आणि कानाशी येऊन विचारलं, “आमच्या नातीचं कुठं जमेल, देवा?”

“पाणी!” मी ओरडलो. “पाणी! पाणी!”

“पाटबंधारे खात्यात,” आजी मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या.

पुढे त्या नातीचं लग्न बँकेतल्या मुलाशी झालं आणि आजी माझ्याशी कायमच्या बोलेनाशा झाल्या. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कारणाच्या रकान्यात ‘धार्मिक’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला मानगूट धरून न्हाव्याकडे नेलं आणि बँड बरखास्त झाला. तिकडे १९९१ साली निर्वाणा या बँडची पोरं चौकड्यांचे मळके शर्ट घालून, केस न विंचरता आली आणि स्प्रेवाल्यांचंही राज्य संपलं. माझे केस नंतर आपापल्या मर्जीने गेले. पॉयझनचा तो अल्बम मात्र अजून मिळतो. आमच्या बँडला हसायला काही शिल्लक नाही, कारण आम्ही काही केलंच नाही.

हे ऐकून चिरंजीव गंभीर झाले. रात्री खोलीचं दार लावून बराच वेळ विचार केला. सकाळी येऊन म्हणाले, “बाबा, ठरलं. आजपासून बारा दिवस. रोज एक गाणं. तुमच्या पॉयझनसारखं.” माझा ऊर भरून आला. मी शर्टांचा गठ्ठा स्वखुशीने दुसऱ्या खोलीत हलवला.

“मग सुरुवात कुठल्या गाण्यापासून?”

“कव्हरपासून. फोटो तुम्ही काढा.”

रविवारी सकाळी दहाला फोटो सुरू झाले ते दुपारी दोनपर्यंत. आधी अंबाडा बांधला. मग सोडला. मग आईच्या ड्रायरने केस डावीकडे वळवले, मग उजवीकडे. मग त्याने माझ्याकडे हात केला, “बाबा, तुमचा कंगवा द्या.” मी २००९ सालीच कंगव्याशी संबंध तोडलेले आहेत, हे घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. मी एवढंच सांगितलं, काय हवं ते लाव, साखर लावू नकोस. शेवटी उघड्या कपाटासमोर उभं राहून, ओठांचा किंचित चंबू करून, त्याने एकशे चाळीसावा फोटो पसंत केला. त्यात मागे माझा रेघांचा शर्ट दिसतो.

या सगळ्या चार तासांत स्वयंपाकघरातून एकसारखा घर्रर्र आवाज येत होता. मी डोकावलो, तर ही घामाघूम होऊन शेंगदाण्याचं कूट, लसणीची चटणी, गोडा मसाला, इडलीचं पीठ असं एकामागून एक वाटत सुटली होती.

“अगं, एवढं काय?”

“फोटोत आवाज येत नाही ना,” ती म्हणाली. “हीच वेळ आहे.”

आज बारावा दिवस. अल्बम अजून व्हायचा आहे. कव्हर मात्र तयार आहे, आणि चटणी तीन महिने पुरेल.